पाळण्यातले नाव आणि वंशावळीतली रिकामी जागा

व्याकरण का शिकायचे, या प्रश्नाला पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात अनेक उत्तरे दिली आहेत. त्यांतले एक उत्तर घरगुती आहे: मुलाचे नाव नीट ठेवता यावे म्हणून. तिथे तो याज्ञिकांचे वचन देतो. दहाव्या दिवसानंतर मुलाचे नाव ठेवावे, ते घोष वर्णाने सुरू व्हावे, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, दोन किंवा चार अक्षरांचे असावे, कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. कृत् आणि तद्धित यांतला फरक व्याकरणाशिवाय कसा कळणार, असा त्याचा मुद्दा. याच वचनात आणखी दोन अटी आहेत आणि त्यांचा व्याकरणाशी काही संबंध नाही. नाव ‘त्रिपुरुषानूक’ असावे, म्हणजे बापाच्या मागच्या तीन पुरुषांची आठवण त्यात असावी. आणि ते ‘अनरिप्रतिष्ठित’ असावे, म्हणजे शत्रूकडे चालत आलेले नसावे.

नावाचा विचार तीन अंगांनी करता येतो: नाद, अर्थ आणि आठवण. पतंजलीने दिलेल्या वचनात नाद आहे, आठवण आहे. अर्थाबद्दल मात्र एक शब्दही नाही. आज बाळांच्या नावांची जी पुस्तके आणि याद्या आपल्याकडे खपतात, त्यांत नेमके उलटे आहे. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ, एवढाच त्यांचा संसार. हे नाव पूर्वी कोणाचे होते, कोणत्या घरात, कोणत्या बोलीत, कोणत्या शतकात वावरले, याला तिथे रकानाच नाही. ‘जगावेगळे, पण आपल्या परंपरेतले’ नाव हवे, अशी मागणी घेऊन येणाऱ्या आईबापांना या याद्या काय देतात आणि काय नाकारतात, हे या लेखात तपासायचे आहे. नाव हा माणसाबद्दल लिहिलेला पहिला मजकूर असतो. तेव्हा त्याची समीक्षा व्हायला हरकत नसावी.

अर्थाचा बाजार

आधी याद्यांकडे पाहू. ‘रियांश’ हे नाव घ्या. अर्थ दिलेला असतो ‘सूर्याचा पहिला किरण’. संस्कृतात किरणाला ‘अंशु’ म्हणतात. ‘अंश’ म्हणजे भाग, वाटा. उकार गेला की किरणही गेला. उरलेल्या ‘रि’चा सूर्याशी संबंध कोणत्याही कोशात लागत नाही. ‘शर्विल’ म्हणजे श्रीकृष्ण, असे छापलेले असते. विष्णुसहस्रनामात ते नाही, मोनियर-विल्यम्सच्या कोशातही नाही.

या नावांवर माझा राग नाही. नवे शब्द घडवायचा हक्क भाषेला असतो आणि बाळाच्या आईलाही असतो. ‘रियांश’ कानाला गोड लागते म्हणून ठेवले, असे कुणी म्हटले तर वाद संपला. वाद सुरू होतो तो त्याला खोटी जन्मपत्रिका जोडली जाते तेव्हा. आईबापांना परंपरा हवी असते, यादी त्यांना परंपरेचा वास लावलेला माल देते. हे नाव इतर कुणाचे नसते, म्हणून ते जगावेगळे. आणि कुणाचेच नव्हते, म्हणून त्यात वारसाही नाही. एका मागणीचे दोन भाग असे एकमेकांना खातात.

खरे म्हणजे जगावेगळी नावे घडवायची गरज मराठीला कधीच नव्हती. तेराव्या शतकातले लीळाचरित्र उघडावे. म्हाइंभटाने जमवलेल्या त्या आठवणींत स्त्रिया भेटतात त्या बाइसा, महदाइसा, आबाइसा, आउसा, उमाइसा, हिराइसा. शेवटचा ‘सा’ उच्चारताना जीभ आपोआप नम्र होते. महदाइसा म्हणजेच महदंबा, धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री. पुढच्या पिढीत नामदेवाच्या घरात डोकावावे. आई गोणाई, वडील दामाशेटी, बहीण आऊबाई, बायको राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, म्हादा, मुलगी लिंबाई. सुनांची नावे लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. या चार नावांत जे घरपण आहे, ते कोणत्याही यादीतल्या ‘मधुर’ अर्थाच्या नावात नाही. ‘साखराई’ला अर्थाचा रकाना लागत नाही. ती हाक आहे आणि तिच्यातच सगळे आले.

आता असा प्रश्न येतो की, आजच्या मुलीला ‘साखराई’ म्हणायचे का? शाळेत तिला हसतील. हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. पण त्याच्या तळाशी काय आहे तेही पाहावे. ‘-आई’, ‘-ओबा’, ‘-ऊ’ असे मराठी प्रत्यय असलेली नावे आपल्याला गावंढळ वाटतात आणि तत्सम संस्कृत नावे सुसंस्कृत वाटतात. ही आवड निसर्गाने दिलेली नाही. नावांच्या मागे एक जुनी उतरंड आहे आणि ती लिहून ठेवलेली आहे.

नावातली उतरंड

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस यावी असे. त्यानंतर दोनच श्लोकांनी बायकांची नावे येतात: उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, शेवटी दीर्घ स्वर असलेले. म्हणजे वारसा म्हणून आपण जो ठेवा उघडतो, त्यात कुणासाठी अलंकार ठेवलेत आणि कुणासाठी शेण, हे आधीच ठरलेले आहे.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्या आत्मकथनाची मांडणीच दोन नावांवर उभी आहे. एक शिकलेला, शहरातला, लेखक म्हणून ओळखला जाणारा. दुसरा दगडू मारुती पवार. पहिला दुसऱ्याला भेटतो आणि दुसरा बोलू लागतो. ‘दगडू’ हे नाव म्हणजे त्या माणसाचा भूतकाळच, ठेवून देता येत नाही आणि मिरवताही येत नाही असा. हे पुस्तक हाती असताना ‘आपल्या पूर्वजांची नावे पुन्हा ठेवूया’ असे वाक्य कुणी निश्चिंतपणे म्हणू शकत नाही. कोणत्या पूर्वजांची? आणि ती नावे त्यांनी ठेवली होती, की त्यांच्यावर ठेवली गेली होती?

इथे एक बारकावा नोंदवायला हवा. दगड, धोंडा, कचरा, भीक यांवरून नावे ठेवण्याची रीत सगळ्या जातींत होती. आधीची मुले दगावली की पुढच्याला हिणकस नाव द्यायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यू त्याला उचलणार नाही, असा समज. स्त्रीशिक्षणाचे काम करणारे महर्षी कर्वे ‘धोंडो’ केशव होते. १८५७चे नानासाहेब पेशवे ‘धोंडो’पंत होते. धोंडा आणि दगड यांच्या अर्थात तसूभर फरक नाही. पण एका घरात ‘पंत’ लागून धोंड्याचे धोंडोपंत झाले आणि दुसऱ्या घरात दगडूचे ‘दगड्या’ झाले. मान नावात नव्हता, नाव घेणाऱ्याच्या तोंडात होता. म्हणून नुसत्या अर्थावरून नाव जोखणे अपुरे पडते.

मुलींच्या बाबतीत हीच रीत फार उघडी झाली. मुलगा व्हावा म्हणून लागोपाठच्या मुलीला ‘नकुसा’ म्हणायचे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ‘नकुसा’ हेही घरातल्या परंपरेतलेच नाव आहे, बोलीतले आहे, जुने आहे. तरी ते पुसले गेले ते योग्यच झाले. वारसा जपायचा म्हणजे निवडायचा, हे मान्य केल्याशिवाय या विषयात एक पाऊलही टाकता येणार नाही.

याच्या उलट टोकाला चोखामेळ्याचे घर आहे. ‘चोखा’ म्हणजे शुद्ध, अस्सल. त्याच्या बहिणीचे नाव निर्मळा, म्हणजे मळ नसलेली. ज्या कुटुंबाला गावाने विटाळ म्हटले, त्या कुटुंबातल्या भावाबहिणींची नावे एकाच अर्थाची, आणि तो अर्थ शुद्धतेचा. बायकोचे नाव सोयरा, म्हणजे नात्यातली, आपली. ही नावे कुणी आणि काय मनात धरून ठेवली, यावर तर्क लढवण्यात हशील नाही. पण जुगुप्सित नावाची आज्ञा एकीकडे आणि ही तीन नावे दुसरीकडे ठेवून पाहिली, की मराठीतल्या नामकरणाचा खरा वाद डोळ्यांपुढे येतो.

वारसा निवडणारे

नवे नाव घेऊन जुनी उतरंड नाकारण्याचा सर्वांत मोठा सामूहिक प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धर्मांतराने. त्यानंतरच्या पिढ्यांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे घराघरांत आली. हा वारसा वंशावळीतून आलेला नाही. तो विचाराने जोडलेला आहे, आणि तरीही किंवा म्हणूनच तो पक्का आहे.

यांतल्या ‘मिलिंद’ नावाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. त्या अर्थाने हे नाव काव्यप्रेमी मध्यमवर्गीय घरांत ठेवले गेले. पण मिलिंद हा पाली ग्रंथातला राजाही आहे. भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा हा राजा म्हणजे ग्रीक मिनँडर. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला १९५० साली काढलेले महाविद्यालय याच राजाच्या नावाने ओळखले जाते. एकाच इमारतीतल्या दोन घरांत दोन मिलिंद असतील. एक भुंगा, दुसरा प्रश्न विचारणारा राजा. हजेरीपटावर फरक दिसणार नाही. यादीच्या रकान्यात एकच अर्थ मावतो आणि नेमका दुसरा बाहेर राहतो.

वारसा शुद्ध एकाच कुळाचा असतो, हा समजही मराठी नावे टिकू देत नाहीत. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरागत हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या दुसऱ्या नावाचा पुढचा प्रवास फारसा सांगितला जात नाही. तंजावरच्या मराठी राजघराण्यात ते ‘सरफोजी’ होऊन पुन्हा अवतरले. ग्रंथसंग्रहाने सरस्वती महाल थोर करणारा दुसरा सरफोजी एकोणिसाव्या शतकातला. अहमदनगरचा पीर मराठी प्रत्यय लावून कावेरीकाठी पोचला. त्याच घराण्यात शिवाजीराजांचे नाव त्यांच्या दोन नातवांना मिळाले: संभाजीराजांचा मुलगा, पुढे शाहू म्हणून गादीवर बसलेला, आणि राजारामांचा मुलगा. देवी शिवाईवरून आलेले मानले जाणारे नाव आणि पिरावरून आलेले नाव एकाच वंशावळीत सुखाने नांदले.

कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने तर एकाच माणसाला दोन्ही नावांनी हाक मारली. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युअल एझिकेल दिवेकर हे घरात आणि गावात सामाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युअलचे सामाजी, एझिकेलचे हसाजी, आणि आडनाव कोकणातल्या दिवे गावचे. हे नाव उच्चारताना हिब्रू धर्मग्रंथ आणि रायगडची माती एका दमात तोंडी येते. ‘सांस्कृतिक वारसा सांगणारे वेगळे नाव’ म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ते कुणी शोधून काढले नव्हते. दोन भाषांत जगता जगता ते झिजून गोल झाले होते.

आजीचे नाव म्हणजे कोणते?

आता मूळ ‘त्रिपुरुषानूक’कडे परत येऊ. तीन पुरुषांची आठवण ठेवण्याची रीत मराठी घरांनी इमानाने पाळली. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, पणजोबांचे. पण सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव घ्यायचे नाही, म्हणून हाकेसाठी दुसरे नाव लागे. त्यातून बाळ, अप्पा, बापू, नाना, तात्या निघाले. आठवण कागदावर आणि माया हाकेत, अशी ही वाटणी. टिळकांच्या बाबतीत हाकच जिंकली.

स्त्रियांच्या बाजूने हे चित्र पाहिले, की वाटणी नव्हे, खाडाखोड दिसते. लग्नात तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे आणि जुने मिटवायचे, ही रीत. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुनाच. आनंदीबाई कर्वे आधीच्या गोदूबाई. तिघींचे नवरे आपापल्या काळातले सुधारक होते. शिक्षण, पुनर्विवाह, परदेशगमन यांपैकी काही ना काही त्यांनी समाजाशी भांडून घडवले. नाव बदलण्याची रीत मात्र त्यांनाही भांडण्याजोगी वाटली नाही. त्यामुळे यमुना नावाची एक मुलगी डॉक्टर झाली आणि दुसरीने मराठीतले एक उत्तम आत्मकथन लिहिले, हे आपल्याला मुद्दाम आठवावे लागते.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला मुलगी झाली. बारशाला कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. बाळाला आत्या नव्हती, म्हणून बापाची आत्या या नात्याने तो माझ्याकडे आला. भाच्याची आणि त्याच्या बायकोची अट एवढीच होती: नाव आपल्या घरातले हवे आणि वर्गात दुसऱ्या कुणाचे नको. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात पुरुषांच्या आठ पिढ्या जन्मसालांसह, गावांसह, काहींच्या तर स्वभावासह नोंदलेल्या आहेत. बायकांची सासरची नावे आहेत. मुलींच्या पुढे कित्येक ठिकाणी ‘कन्या २’, ‘कन्या ३’ एवढेच. माझ्या आजीचे माहेरचे नाव त्यात नाही. ते सापडले माळ्यावरच्या एका पितळी डब्यावर. तिच्या आईने लग्नात दिलेल्या भांड्यावर टोच्याने कोरलेले, ठिपक्याठिपक्यांचे, तीन अक्षरी, एका लहान नदीचे नाव. कासाराने कोरले म्हणून ते राहिले. घराण्याच्या इतिहासकाराने राखले असते, तर डबा उपडा करावा लागला नसता.

तेच नाव मी बाळाच्या कानात सांगितले. घरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘हे कोणाचे?’ हा प्रश्नच मला मोलाचा वाटतो. तिऱ्हाईत यादीतल्या नावाबद्दल कुणी ‘कोणाचे?’ असे विचारत नाही, ‘अर्थ काय?’ असे विचारतात. त्या दिवशी तास-दीड तास आजीबद्दल बोलणे झाले. ती किती वर्षांची असताना आली, तिला लिहिता येत होते का, तिला त्या नावाने शेवटची हाक कुणी मारली असेल. एका बारशात एवढे झाले, तर नावाने आपले काम केले म्हणायचे.

कायदा आणि शिलालेख

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम बंधनकारक केला. हे पाऊल मोठे आहे. या निर्णयाच्या निमित्ताने गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांची आठवण अनेकांना झाली. महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजवंशातले राजे आईच्या नावाने ओळखले जात, हे खरेच. मात्र ‘गौतमी’ हे त्या बाईचे स्वतःचे नाव नव्हते. ते गोत्रावरून आलेले. तिचे नाव बलश्री. ते आपल्याला ठाऊक आहे, कारण नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने नाशिकच्या लेण्यात स्वतःचा लेख कोरवून घेतला आणि त्यात राजाची आई, राजाची आजी असा स्वतःचा परिचय दिला. मुलाच्या नावात आईचे गोत्र उरले; आईचे नाव उरले ते तिने दगडावर आणले म्हणून. डब्यावरच्या ठिपक्यांत आणि लेण्यातल्या अक्षरांत मला म्हणून फार अंतर दिसत नाही.

नव्या क्रमातही आईचे जे नाव लागेल ते तिचे जन्माचे की सासरचे, हे त्या त्या घराने ठरवायचे आहे. निर्णय कागदाने घेतला, अर्थ घरांनी भरायचा आहे.

निवडीचे निकष

तेव्हा जगावेगळे आणि घरातले नाव शोधणाऱ्यांना समीक्षकाने काय सांगावे? अर्थाच्या रकान्याआधी ‘कोणाचे?’ हा रकाना भरा. पतंजलीच्या वचनातल्या तीन पुरुषांबरोबर तीन स्त्रियाही मोजा, आईच्या बाजूच्याही. नाव पूर्वजाने आनंदाने वागवले होते की त्याच्यावर लादले होते, हे विचारा. लादलेले असेल, तर ती आठवण गोष्टीतून मुलाला सांगा, नावातून नको. अर्थ सांगायचाच असेल, तर खरा सांगा; अर्थ नसेल तर ‘आम्हाला आवडले’ हेही पुरेसे आणि प्रामाणिक उत्तर आहे. उच्चार आजच्या जिभेला जड जात असेल, तर सामाजी-हसाजींसारखे थोडे घासून घ्या. नावे अशीच टिकतात. आणि शेवटी, मूल हे स्मारक नव्हे. पूर्वजाचे नाव त्याला दिले म्हणून पूर्वजाचे आयुष्य त्याने जगावे, अशी अपेक्षा धरू नका. धर्मसिंधू प्रत्येक मुलाला देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे देतो. एक नाव घराण्याचे आणि एक त्याचे स्वतःचे, एवढी मोकळीक आपणही सहज देऊ शकतो.

‘अनरिप्रतिष्ठित’ ही अट मात्र मी सोडून देईन. शरीफजीचा सरफोजी झाला, मिनँडरचा मिलिंद झाला. शत्रूचे कोणते आणि आपले कोणते, हे ठरवायला बसलो असतो, तर मराठीतली कितीतरी चांगली नावे पाळण्यापर्यंत पोचलीच नसती. नाव ज्या घरात मायेने घेतले जाते, त्या घराचे होते. वंशावळीतल्या रिकाम्या जागाही अशाच भरतील: एकेका बारशाला, एकेका ‘कोणाचे?’ला उत्तर देत.